रुईचं कूळ काढण्यास हरकत असल्यास

माणूस असो की झाड, आपण कोणाचे नातेवाईक आहोत हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला नसतो. तो संबंधित कार्यालयाला असतो. एवढं एकदा मान्य केलं की आयुष्यातले निम्मे गैरसमज मिटतात, आणि उरलेल्या निम्म्यांसाठी अर्ज करता येतो.

आमचं कार्यालय हे असंच एक संबंधित कार्यालय आहे. दारावर ‘शुष्क वनस्पती संग्रहालय व नातेनिश्चिती कार्यालय’ अशी पाटी आहे. लोक आम्हाला पाचोळा ऑफिस म्हणतात. लोकांचं चुकत नाही. इथे ठिकठिकाणची फुलझाडं वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवून कुळवार कपाटांत ठेवलेली आहेत. एकूण कागद एक लाख अठरा हजार चारशे दोन. (वरचे दोन सापडत नाहीत. शोध चालू आहे.) मी इथला मुख्य लिपिक. मला वनस्पतिशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणाला शंका राहणार नाही.

पूर्वी आमच्याकडे नाती तोंडवळ्यावरून ठरत. नवं बाळ बघायला आलेली आत्या जशी ‘नाक आमच्याकडचं, कपाळ मात्र तिकडचं’ असं म्हणून मोकळी होते, तसे आमचे जुने तज्ज्ञ फूल उलटंपालटं करून, पाकळ्या आणि केसर मोजून निकाल देत. दोनशे वर्षं काम व्यवस्थित चाललं. व्यवस्थित म्हणजे तक्रार आली नाही. झाडं तक्रार करत नाहीत, हा या खात्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

तीन वर्षांपूर्वी यंत्र आलं. यंत्र मोठ्या फ्रिजएवढं आहे. त्यात नखाएवढा पानाचा तुकडा घातला की ते झाडाच्या पेशीत शिरून, आजे-पणजे खोदून काढून, आठ दिवसांत कोण कोणाच्या पोटचं हे कागदावर फांद्या-फांद्यांनी काढून देतं. यंत्राला उकडतं, म्हणून त्याच्या खोलीत एसी आहे. (कर्मचाऱ्यांनाही उकडतं अशी एक फाइल आहे. ती सहा वर्षांपासून विचाराधीन आहे.) यंत्राबरोबर एक साहेब आले. त्यांना आम्ही यंत्रवाले साहेब म्हणतो. ते फुलाकडे बघत नाहीत. फूल बघून मन कलुषित होतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

यंत्राने पहिल्याच महिन्यात जे निकाल दिले ते ऐकून आमच्यातले दोन ज्येष्ठ तज्ज्ञ रजेवर गेले. कमळ आणि कुमुद घ्या. वर्षानुवर्षं एका तळ्यात, एका चिखलात पाय रोवून उभी. कोणीही म्हणेल, सख्ख्या बहिणी. यंत्र म्हणालं, नात्याचा पत्ता नाही. कमळाचं जवळचं नातं निघालं चिनाराशी, म्हणजे रस्त्याच्या कडेला ताठ उभं राहणाऱ्या भल्याथोरल्या झाडाशी. कांदा पिढ्यान्‌पिढ्या लिलीच्या घरात वाढलेला. त्याला बाहेर काढलं. त्याच्या मागोमाग शतावरी, कोरफड आणि घायपात यांनाही बाहेर काढलं. लिलीचं घर इतकं मोठं होतं की ज्याला कोणी विचारत नसे तो तिथे येऊन राहायचा. आता तिथे इतकी शांतता आहे की ते कूळ सांभाळणारे कुळपाल दुपारी झोपू शकतात. (आधीही झोपत, पण आता घोरण्याचा आवाज ऐकू येतो.)

सागाचं तर नवलच झालं. सागासारखा भारदस्त वृक्ष पुदिन्याच्या कुळात निघाला. परिपत्रक निघालं की ‘कार्यालयातील सर्व साग तात्काळ पुदिना विभागाकडे वर्ग करण्यात यावा.’ आता कार्यालयातला सगळ्यात मोठा साग म्हणजे संचालकांचं टेबल. परिपत्रकात ‘सर्व’ असा शब्द होता. टेबल पुदिना विभागात गेलं. टेबलामागोमाग संचालकही गेले, कारण सही टेबलावरच करावी लागते. गेले पाच महिने ते तिथूनच कारभार बघतात. खोली हवेशीर आहे म्हणतात.

आणखी एक पद्धत सांगायला हवी. आमच्याकडे जुनी चिठ्ठी काढत नाहीत. झाडाचं कूळ बदललं की नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी चिकटवायची. आधीच्या तज्ज्ञाचा अपमान होता कामा नये. यामुळे प्रत्येक कागदावर त्या झाडाबद्दल आजवर झालेल्या सगळ्या चुका क्रमाने वाचायला मिळतात. अशी सोय माणसांच्या बाबतीत फक्त नातेवाइकांच्या तोंडी असते. एका वेलीच्या कागदावर एकवीस चिठ्ठ्या आहेत. एका पाहुण्यांनी विचारलं, वेल कुठे आहे? वेल चिठ्ठ्यांखाली आहे. (शास्त्रीयदृष्ट्या ती तिथे सुरक्षित आहे.)

आता मूळ विषयाकडे येतो. ‘एक कूळ, एक कुळपाल, एक खुर्ची’ हा आमचा पायाभूत नियम. ज्याच्याकडे जे कूळ, तेच त्याचं नाव. गवतवाले, ऑर्किडवाल्या मॅडम, निवडुंगवाले. (निवडुंगवाल्यांकडे कोणी जात नाही. तेही कोणाकडे येत नाहीत. दोन्ही बाजू समाधानी आहेत.) या नियमामुळे निसर्ग आणि आस्थापना यांचं जे सूर जुळणं आमच्याकडे पाहायला मिळतं, ते मी दुसऱ्या कुठल्याच खात्यात पाहिलेलं नाही. ज्या वर्षी भरती झाली, त्या वर्षी पंधरा दिवसांत अकरा नवी कुळं सापडली. ज्या वर्षी भरती बंद झाली, त्या वर्षी उत्क्रांतीही थांबली. मी चौतीस वर्षांचा तक्ता काढला आहे. कुळांची संख्या आणि मंजूर पदांची संख्या यांत फक्त एकदा फरक पडला, आणि तेव्हा मोजणीच्या दिवशी एक कुळपाल विहिरीवर पोहायला गेलेले होते.

तज्ज्ञांमध्ये दोन पक्ष आहेत. दोन कुळं एक करणारे, आणि एका कुळाची दोन करणारे. आमच्या तोंडी जोडे आणि तोडे. (‘जोडे बाहेर काढून ठेवा’ ही जिन्यातली पाटी त्यांच्याबद्दल नाही. गेल्या वर्षी यावरून गैरसमज होऊन दोन तज्ज्ञ तासभर बाहेर उभे होते.) गेल्या वार्षिक बैठकीपर्यंत दोन्ही पक्ष तुल्यबळ होते. मग काटकसरीचं परिपत्रक आलं. ‘पुढील तिमाहीअखेर फुलझाडांची कुळे वीस टक्क्यांनी कमी करून तसा अहवाल सादर करावा.’ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कार्यालयात एकही तोड्या उरला नाही. सगळे मनापासून जोडे झाले.

यंत्रवाल्या साहेबांनी यादी तयारच ठेवली होती. तिच्यात पहिलं नाव होतं रुई. रुईचं कूळ हे वेगळं कूळ नसून कण्हेरीच्या कुळातूनच फुटलेली फांदी आहे, सबब ते कण्हेरीत विलीन करण्यात यावं, असा प्रस्ताव. शास्त्र म्हणून त्यात काही खोट नव्हती. फक्त रुईच्या कुळाला एक खुर्ची होती, आणि तिच्यावर सत्तावीस वर्षं रुईवाल्या बाई बसत होत्या.

रुईवाल्या बाई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचं खिडकीजवळचं शेवटचं कपाट. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोटांना कायम खळीचा वास, आणि जीभ अशी की यंत्रसुद्धा त्यांच्यासमोर जरा हळू घरघरतं. त्यांच्या कपाटात अकराशे चाळीस कागद आहेत. प्रत्येक फूल त्यांनी स्वतः चिकटवलेलं, आणि प्रत्येक फुलाचं तोंड वर. “कपाट उघडणाऱ्याला तोंड दिसलं पाहिजे,” त्या म्हणतात, “पाठ दाखवायला काय आपण पाहुणे आहोत?” कूळ गेलं तर बाई अतिरिक्त ठरणार होत्या. अतिरिक्त कर्मचाऱ्याची रवानगी वजनमापे कार्यालयात होते. ते आठ तासांच्या अंतरावर आहे, आणि तिथे दुकानदारांचे तराजू तपासावे लागतात. त्यांचे कागद? कण्हेरीच्या कपाटात साठ कागदांची जागा आहे. बाकीचे एक हजार ऐंशी तळघरात जाणार. तळघरात वाळवी आहे. ती कुळं मानत नाही, सगळं एकच समजते. या दृष्टीने ती आमच्या जोड्यांच्याही पुढे गेलेली आहे.

संचालकांनी बाईंना पुदिना विभागात बोलावून घेतलं. टिपणी लिहायला मी होतो.

“बाई, नातं सिद्ध झालंय,” संचालक म्हणाले. “यंत्र खोटं बोलत नाही.”

“मी कुठे म्हणतेय खोटं बोलतंय म्हणून? रुई कण्हेरीतूनच निघाली. मला ते यंत्र यायच्या आधीपासून ठाऊक आहे. दोघींनाही पान तोडलं की चीक येतो, बोळकंभर. पण मुलगी आईच्या पोटातून निघाली म्हणून तिची खोली काढून घेता का तुम्ही?”

“फरक तरी काय आहे दोघींत?”

“पराग! कण्हेरीचे पराग सुटे. रुईचे पराग म्हणजे दोन पुड्या, मध्ये दोरा बांधलेल्या. माशी येऊन बसली की तिच्या पायात अडकवून द्यायच्या. अहो, टपाल खातं आहे ते! एवढी व्यवस्था आपल्या आवक-जावक विभागात तरी आहे का?”

(आवक-जावक विभाग माझ्याकडे आहे. मी टिपणीत हे वाक्य घेतलं नाही.)

“ते वैशिष्ट्य झालं. कूळ नव्हे,” संचालक म्हणाले. “माझा भाऊ डावखुरा आहे. म्हणून काय त्याला वेगळं आडनाव देऊ?”

यावर बाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. सत्तावीस वर्षांत बाई वाक्याच्या मध्ये थांबल्याची नोंद नाही. मला वाटलं, ठसका लागला असेल.

बाईंच्या कपाटाला पाठ लावून कण्हेरीचं कपाट आहे. तिथे कण्हेरवाले बसतात. शांत गृहस्थ. विलीनीकरणाचा सगळा लाभ त्यांनाच होता: दोन कुळं, मोठं कपाट, हात टेकायला जागा असलेली खुर्ची. त्यांचं आणि बाईंचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण शास्त्रीय होतं. मघाशी सांगितलेली ती एकवीस चिठ्ठ्यांची वेल. तिचे पराग सुटेही नाहीत आणि पुडीतही नाहीत, चार-चारच्या घोळक्याने असतात. बाई म्हणायच्या माझी, हे म्हणायचे माझी. त्यातल्या चौदा चिठ्ठ्या या दोघांनी आलटून पालटून चिकटवलेल्या आहेत. पंधरावीवरून बोलणं बंद झालं. तेव्हापासून सगळा व्यवहार माझ्यामार्फत. “कण्हेरवाल्यांना सांगा, त्यांची खिडकी आपटतेय.” कण्हेरवाले चार फुटांवर. मी मान फिरवून सांगायचो, “तुमची खिडकी आपटतेय.” ते म्हणायचे, “त्यांना सांगा, वाऱ्याला सांगितलंय.”

आता माझा भाग. बाईंबद्दल मला वाईट वाटलं होतं. (हे वाक्य कुठल्याही टिपणीत नाही.) वाईट वाटलं की लिपिक माणूस नियमांचं पुस्तक उघडतो, तसं मी उघडलं. कूळ काढून टाकण्याची कार्यपद्धती काय, हे मला बघायचं होतं. आमच्या पुस्तकात कूळ नेमण्याची पद्धत आहे, काढण्याची नाही. मग मी जमीनजुमल्याचं जुनं पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं: ‘सलग बारा वर्षांहून अधिक काळ कब्जात असलेले कूळ जाहीर नोटिशीशिवाय काढता येणार नाही. नोटीस तीस दिवस दर्शनी भागी लावावी. एकाही नागरिकाने लेखी हरकत घेतल्यास कूळ कायम राहील.’

ते कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस, हे मला समजत नव्हतं असं नाही. पण नियमात ‘कूळ’ लिहिलं होतं आणि फाइलीवरही ‘कूळ’ लिहिलं होतं. अर्थ बघणं हे मुख्य लिपिकाच्या कर्तव्यात येत नाही. मी टिपणी केली. संचालकांनी ती पुदिना विभागात, सागाच्या टेबलावर वाचली, आणि विचारलं, “हे आपल्यालाच लागू आहे ना?”

“साहेब, रुई बारा वर्षांहून जास्त काळ कब्जात आहे.”

“किती?”

“यंत्रवाले साहेब काही कोटी वर्षं म्हणतात.”

“मग काय, लावा नोटीस,” संचालक म्हणाले. “आजकाल कोर्टात जायला लोकांना वेळ लागत नाही.”

नोटीस लागली. फाटकाजवळ काचेच्या पेटीत. ‘रुईचे कूळ काढण्यास कोणाची हरकत असल्यास त्याने तीस दिवसांच्या आत, कामकाजाच्या वेळेत, फाटकाशेजारील खिडकीवर विहित नमुन्यात हरकत नोंदवावी. संस्थेचे कर्मचारी व संबंधितांचे नातेवाईक यांची हरकत ग्राह्य धरली जाणार नाही.’ विहित नमुना मीच तयार केला. त्यात तीन रकाने. नाव. कुळाशी नाते. सही.

तिसऱ्या दिवशी पहिली हरकत आली. खिडकीवर उभे होते कण्हेरवाले.

“तुम्ही?” मी म्हटलं. “अहो, विलीनीकरण तुमच्याच पदरात पडणार आहे!”

“मला तिचं कपाट नकोय,” ते म्हणाले. “ती गेली तर मी भांडू कोणाशी? निवडुंगवाल्यांशी?”

मी अर्ज बघितला. नावाच्या रकान्यात नाव. ‘कुळाशी नाते’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: सख्खी बहीण.

मी तीनदा वाचलं. रकाना रुईबद्दल होता. गृहस्थांनी तो बाईंबद्दल समजून भरला होता. मी वर बघितलं आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. नाक तेच. कपाळ तेच. दोघंही डावखुरे. दोघंही कपाटाचं दार कोपराने लावतात. दोघंही कात्री सापडली नाही की कात्रीलाच शिव्या देतात. एक लाख अठरा हजार कागदांची नाती सांगणाऱ्या या इमारतीत, बावीस तज्ज्ञ आणि एक यंत्र असताना, पाठीला पाठ लावून बसलेली भाऊ-बहीण सत्तावीस वर्षं कोणाला ओळखता आली नव्हती. बाईंचं आडनाव लग्नानंतर बदललेलं, आणि सख्ख्या नातेवाइकांना आमच्याकडे एकत्र नोकरी देत नाहीत, म्हणून दोघांनी पहिल्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलेलं. पुढे ते कुलूप खरंच लागलं, ते वेगळं.

“हरकत फेटाळावी लागेल,” मी म्हटलं. “दोन कारणांनी. तुम्ही कर्मचारी आहात, आणि नातेवाईक आहात.”

“मग घेऊ कोण शकतं?”

“बाकी कोणीही. रस्त्याने जाणारा कोणीही.”

“किती जण लागतात?”

“एक.”

“एकच?” कण्हेरवाल्यांचा चेहरा उजळला. “मग काय! एवढ्या मोठ्या गावात एक माणूस मिळणार नाही होय? तुम्ही पण ना, उगाच घाबरवता.”

त्यांचा अर्ज मी नियमानुसार दप्तरी दाखल केला. (निवडुंगाच्या कपाटात. तिथे कोणी जात नाही.)

दुसऱ्या दिवसापासून कण्हेरवाले जेवणाच्या सुट्टीत आणि ऑफिस सुटताना फाटकावर उभे राहू लागले. हातात रुईची फुललेली फांदी. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, “एक मिनिट हं. फक्त एक सही.” लोकांची उत्तरं मी खिडकीतून टिपून ठेवली आहेत. ‘नको, घरी आहे.’ ‘सुटे नाहीत.’ ‘कुठल्या पक्षाचे?’ ‘आधार कार्ड लागेल का?’ एका बाईंनी फांदी हातात घेतली, ‘किती गोड’ म्हणाल्या, आणि फांदी घेऊन गेल्या. एक गृहस्थ अर्धा तास थांबले आणि आपल्या चुलत भावाने आपल्याला कसं फसवलं ते सगळं सांगितलं. सही करायची वेळ आली तेव्हा म्हणाले, “लेखी कशात पडत नाही मी.” एक सद्‌गृहस्थ म्हणाले, “अहो, पण सह्या करून काही होतं का?” कण्हेरवाले म्हणाले, “होतं. एकाच सहीने होतं.” ते म्हणाले, “तेच तर. एकट्याने काय होणार?” आणि गेले.

चोविसाव्या दिवशी ऊन रणरणत होतं. मी फाइल द्यायला वर गेलो होतो. बाई खिडकीतून बघत होत्या. “कण्हेरवाल्यांना सांगा,” त्या मला म्हणाल्या, “टोपी घाला म्हणावं.” मी निघालो. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच जिना उतरल्या. मी मागोमाग गेलो. कर्तव्य म्हणून. फाटकाशी जाऊन त्यांनी भावाच्या डोक्यावर आपली छत्री धरली. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य मी जसंच्या तसं देतो.

“बाळ्या, फांदी उलटी धरलीयेस. तोंड लोकांकडे कर.”

“ताई, लोक बघतायत कुठे?”

“ते बघोत न बघोत. आपण नीट धरायची.”

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. पाचोळा ऑफिस आहे, जातंच. त्यानंतर दोघं मिळून उभे राहू लागले. मधल्या वेळात ती वेल कोणाची यावर भांडायचे, पण आता थेट. माझं निम्मं काम कमी झालं, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

एकूण आकडेवारी अशी. एकोणतीस दिवसांत फाटकासमोरून गेलेले नागरिक: चौदा हजार दोनशे सहा. नोटिशीपाशी थांबलेले: एकसष्ट. त्यांपैकी काचेत बघून केस नीट करणारे अडतीस. सावलीला उभे राहिलेले बारा. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारणारे नऊ. ‘हरकत’मधला ‘ह’ नीट उमटलेला नाही हे दाखवून देणारा एक. (त्यांचे आभार मानले आहेत.) आणि नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ‘अरेरे’ म्हणणारा एक. नोंदवलेल्या हरकती: शून्य.

नोटीस लोकांना समजेल अशा भाषेत द्यावी, असंही त्या नियमात आहे. नोटिशीची भाषा अवघड होती, म्हणून लोक आले नाहीत, असं माझं मत पडलं. म्हणून हे निवेदन मी स्वतः लिहिलं, आणि आज, म्हणजे तिसाव्या दिवशी, त्याच्या प्रती दोघं भाऊ-बहीण फाटकावर वाटताहेत. त्यातली एक तुमच्या हातात आहे. तुम्ही ती घेतलीत, खिशात कोंबली नाहीत, आणि इथपर्यंत वाचत आलात, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. पहिल्या पानावर तुम्ही हसलात, ते मी खिडकीतून पाहिलं. छत्रीच्या प्रसंगापाशी तुमचा चेहरा जरा उतरला, तेही पाहिलं. मन भरून आलं माझं, खोटं कशाला सांगू. पण मन भरून येणं हे हरकत म्हणून नोंदवता येत नाही. नमुन्यात तसा रकाना नाही.

खिडकी तुमच्यापासून सात पावलांवर आहे. पेन दोरीने बांधलेलं आहे, चालतं. ‘कुळाशी नाते’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहिलं तरी चालेल. बहुतेक लोकांचं तेच असतं. खिडकी साडेपाचला बंद होते, आणि ती बंद करण्याचं काम माझं आहे. ते मी आजवर एकदाही चुकवलेलं नाही. बाई छत्री मिटताहेत. कण्हेरवाले मला खुणेने वेळ विचारताहेत. पाच वाजून एकोणतीस मिनिटं झाली आहेत, आणि तुम्ही अजून शेवटी काय होतं ते वाचताय.